चौकटीबाहेरची खुर्ची

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला व्हिडिओच्या यंत्रानं टेप खाल्ली आणि रॉस्को थिगपेनची बायको दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा निदान डॉक्टर होते, पाद्री होता, शेजारणींनी झाकून आणलेली केळ्याची पुडिंगं होती, एवढी की आठवडाभर फ्रीजचं दार लागत नव्हतं. ह्या खेपेला नुसता कर्र आवाज झाला. पडदा पांढरा झाला, मग निळा. रॉस्कोनं झाकण उचकटून बोटं आत घातली तेव्हा तपकिरी फितीचा गुंता कोंबडीच्या आतड्यासारखा बाहेर आला आणि येतच राहिला. त्याला ठाऊक होतं फीत कुठं तुटली ते. एक्कावन्नाव्या मिनिटाला. चार वर्षं तो तिथंच थांबवत होता चित्र, मागं नेत होता, पुन्हा सोडत होता, पुन्हा थांबवत होता. दगडाची पायरीसुद्धा झिजते एवढ्यानं, ही तर फीत. तो तसाच गालिच्यावर बसून राहिला, गुडघे दुखत होते तरी. त्या गुडघ्यांवर त्यानं अकरा वर्षं खालच्या लीगमधल्या नऊ गावांची बेसबॉलची मैदानं उकिडवं बसून काढली होती, फेकणाऱ्याच्या समोर, तोंडावर जाळी बांधून, कॅचर म्हणून. वरच्या लीगला तो कधी गेला नाही. म्हणजे गेला होता. एकोणीस दिवस. पण ते पुढं.

हार्लो मिल गावात बायबल नसलेलं एखादं घर सापडेल, ‘उरलेला उन्हाळा’ ह्या सिनेमाची टेप नसलेलं सापडायचं नाही; गावात थिएटर नव्हतं, सगळ्यांनी तो पाहिला टेपवरच. पंच्याऐंशी साली सिनेमावाले आले ते नोव्हेंबरात. गोष्ट भर जुलैची. आता नोव्हेंबरात जुलै कुठून आणणार? त्यांनी आणला. मैदानाकडेच्या ओकच्या झाडांना पंपानं हिरवा रंग मारला, वाळक्या गवताला मारला, आणि एक खार तीन दिवस हिरवी हिंडत होती असं रॉस्को न्हाव्याकडे शपथेवर सांगत असे. गोष्ट तशी गोड होती: मैदान विकायला आलेली शहरातली एक फटकळ बाई आणि गुडघे गेलेला एक म्हातारा कॅचर, भांडतात, भांडतात, आणि शेवटच्या डावाला ती त्याच्या ओठांवरची माती पुसते. गावानं प्रेक्षकांत बसायचं होतं. बिनबाह्यांचे कपडे घालून, उकाडा होतोय असं दाखवत. तोंडातून वाफ निघाली की उन्हाळा खोटा पडतो, म्हणून एक पोरगी बादलीतून बर्फाचे खडे वाटत फिरायची. शॉट सुरू झाला की बर्फ तोंडात धरायचा, म्हणजे आतलं नि बाहेरचं थंड सारखंच, वाफ नाही. गाव बर्फ चघळत, कुडकुडत, घाम पुसत बसलं.

आणि एक्कावन्नाव्या मिनिटाला तो म्हातारा कॅचर उंच उडालेल्या चेंडूमागं धावतो, गुंडाळून ठेवलेल्या ताडपत्रीला अडखळतो आणि पार उलटा होतो, दोन पाय आभाळात. ते पाय नटाचे नव्हेत. नटाच्या बदली पडायला घेतलेल्या रॉस्को थिगपेनचे ते पाय. लगेच पुढचं चित्र: लोक हसताहेत. डाव्या कडेला, तिसऱ्या रांगेत, हिरव्या झग्यातली एक बाई तोंडावर हात धरून हसते आहे, खांदे गदगदताहेत. तीन सेकंद. ती अर्डेल. रॉस्कोची बायको.

ह्या पडण्याची गोष्ट रॉस्कोनं टायरच्या दुकानात, न्हाव्याकडे, मित्राच्या ओसरीवर एवढ्यांदा सांगितली की ते पडणं दरवर्षी वाढत गेलं. आधी एक कोलांटी होती, मग दोन झाल्या, मग दात पडला, मग नटाच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक म्हणत, ‘रॉस्को, अजून दहा वर्षं जगलास तर तू त्या ताडपत्रीवरून पलीकडच्या जिल्ह्यात पडशील.’ थापाड्या म्हणून त्याची ख्याती होती आणि ती त्याला आवडायची. पण त्या सगळ्या वाढत्या डोलाऱ्याखाली एक गोष्ट त्यानं कधी हलवली नव्हती, वाढवली नव्हती, रंगवली नव्हती. शेवटचं वाक्य नेहमी तेवढंच. ‘आणि ती मला बघून हसली.’

कारण घरात ती फारशी हसत नसे. म्हणजे उदास असायची असं नव्हे. ती बघत असायची. नऊ गावांतल्या नऊ मैदानांत ती कुठल्यातरी तिसऱ्या रांगेत बसून बघत होती, एका बाजूला लेक, छोटी जोनेल, दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर पर्स ठेवलेली. कुणी विचारलं, बाई, ही जागा रिकामी आहे का, तर म्हणायची, ‘नाही हो, नवरा येतोय. हात धुवायला गेलाय.’ आणि नवरा समोर मैदानात उकिडवा बसलेला, साऱ्या गावाला दिसत असलेला. जोनेल खिदळायची. रॉस्कोला ती बायकोची गंमत वाटायची. तोही ती चारचौघांत सांगायचा. पुढं गुडघे गेले, हार्लो मिलला कायमचं बिऱ्हाड झालं, टायरचं काम लागलं, तेव्हा तो रोज घरी येऊ लागला, पण आला की कुठंतरी निघालेलाच असायचा. ‘येतोच,’ म्हणायचा. इस्पितळातही तेच म्हणाला होता. ती म्हणाली होती, ‘बस ना जरा.’ तो म्हणाला, ‘कॉफी घेऊन येतोच.’ खाली कॉफीच्या यंत्रापाशी एक ट्रकवाला भेटला, त्यालाही बेसबॉलची आवड निघाली, त्याला एकोणीस दिवसांची गोष्ट सांगायला कितीसा वेळ लागणार? पंचवीस मिनिटं लागली. वर आला तेव्हा नर्स दारातच उभी होती. कॉफी अजून गरम होती, हे त्यानं आजवर एकाही माणसाला सांगितलं नव्हतं, आणि जो माणूस खारी हिरव्या करून सांगतो तो एखादी गोष्ट सांगत नाही तेव्हा ती कुठं ठेवत असेल? रॉस्को ती एक्कावन्नाव्या मिनिटाखाली ठेवायचा. गेली ती गेली, मी नव्हतो तो नव्हतो, पण एकदा तरी, भर सिनेमात, अख्ख्या देशासमोर, ती मला बघून पोट धरून हसली. तेवढं पुरत होतं. तेवढं पुरवून पुरवून तो चार वर्षं राहिला.

रविवारी चर्चनंतर जोनेल आली ती तळलेली कोंबडी आणि एक चपटं यंत्र घेऊन. तिला टेपचं कळलं होतं. चाळिशी उलटलेली बाई, पण बापाच्या घरात शिरली की आवाज बारा वर्षांचा व्हायचा.

‘डॅडी, टेपा गेल्या आता. ही तबकडी. कितीही वेळा थांबवा, झिजत नाही.’

‘काहीतरीच. झिजत नाही असं काही नसतं.’

‘बरं, तुम्ही आधी झिजाल. चालेल?’

तिनं तारा जोडल्या, तबकडी आत सरकवली. पडदा उजळला आणि रॉस्को खुर्चीतून अर्धा उठला. ‘हे काय? वर नि खाली काळ्या पट्ट्या! चित्र कापलंय ह्यांनी!’

‘कापलं नाहीये, डॅडी.’

‘मला डोळे आहेत. वरचं आभाळ खाल्लं, खालचे पाय खाल्ले. टेपवर कसं पडदाभर होतं! फसवलंय तुला त्या दुकानात. परत कर.’

‘अहो, उलट आहे. टेपवर कापलेलं होतं. टीव्ही चौकोनी, सिनेमा लांबोडका. म्हणून दोन्ही बाजू छाटून टेपवर घालायचे. ह्यात सगळं आहे. जेवढं कॅमेऱ्यानं पाहिलं तेवढं सगळं.’

‘मग काळ्या पट्ट्या कशाला?’

‘देवा, मला धीर दे,’ जोनेल छताकडे बघून म्हणाली, आणि त्याच्या टकलावर ओठ टेकून, भांडी विसळून निघून गेली.

पट्ट्यांवर चरफडत त्यानं पन्नास मिनिटं काढली. फटकळ बाई आली, भांडली. हिरवे ओक आले. चेंडू उडाला, पाय आभाळात गेले; आणि लोक आले. त्यानं नेहमीच्या सवयीनं डाव्या कडेला नजर लावली. अर्डेल तिथं नव्हती. मग दिसली; ती कडेला नव्हतीच, ती आत सरकली होती, जवळजवळ मधे, आणि जिथं आजवर टीव्हीच्या लाकडी कडेनं जग संपत होतं तिथं आणखी एक खुर्ची होती. त्या खुर्चीत एक पुरुष होता. त्यानं थांबवलं. पिवळा शर्ट, जाड मिशा, डोक्यावर किंचित कलती निळी टोपी. अर्डेलचा एक हात तोंडावर, तो तर ठाऊकच होता. दुसरा हात, जो टेपवर कधीच नव्हता, तो त्या माणसाच्या पाठीमागून गेला होता. तिचं डोकं त्याच्या खांद्याकडे झुकलं होतं. आणि ती मैदानाकडे बघतच नव्हती. टेपवर वाटायचं, बघतेय. कापलेल्या चेहऱ्याची नजर कुठंही लावता येते. ती त्याच्याकडे बघत होती. त्याला बघून हसत होती.

घरात घड्याळ नव्हतं तरी काहीतरी टिकटिकत होतं. कोंबडीचा वास येत होता. रॉस्कोला एकाएकी आठवलं ते फारच बारीक: त्या नोव्हेंबरात ती ओठांना व्हॅसलिन लावायची, बर्फानं ओठ फाटतात म्हणायची. कुणासाठी लावत होती? छे. पण एकदा कडेच्या पलीकडे खुर्ची निघाली म्हटल्यावर सगळ्याच आठवणींच्या कडेला खुर्च्या दिसायला लागल्या. नऊ गावं. आपण जाळीतून चेंडू बघत होतो, ती कुणाशी बोलत होती? पर्स ठेवलेली ती जागा, ती खरंच कुणासाठी होती? हात धुवून कोण येत होतं? आपण दर वेळी हसलो. मग त्यानं टोपी नीट पाहिली. पुढची झापड डाव्या बाजूला चिरलेली. तो उठून पडद्यापाशी गेला, नाक काचेला लागेस्तोवर. टोपी त्याची होती. एकोणीस दिवसांची टोपी. वरच्या लीगच्या सरावाला त्याला बोलावलं होतं तेव्हा मिळालेली, आयुष्यात वरून खाली आलेली तेवढी एक वस्तू; पंच्याऐंशीच्या त्याच नोव्हेंबरात हरवलेली. तिच्यापायी त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. मित्राला, हॉयट क्रम्पलरला, तोंडावर चोर म्हटलं होतं आणि दोन वर्षं त्याच्या ओसरीची पायरी चढला नव्हता. अर्डेल म्हणायची, ‘असेल कुठंतरी.’ आणि हॉयटला, आता आठवलं, तेव्हा मिशा होत्या. जाड.

त्यानं फोन लावला.

‘हॉयट, खरं सांग. तू माझ्या बायकोशेजारी बसला होतास?’

‘कधी?’

‘पंच्याऐंशी साली.’

‘अरे गाढवा, रविवारच्या दुपारी हे विचारायला उठवलंस? पंच्याऐंशी साली मी पुष्कळांच्या शेजारी बसलो.’

‘सिनेमात. तिसरी रांग. पिवळा शर्ट. माझी टोपी घालून. मिशा तुझ्याच आहेत, बोलू नकोस.’

‘मी सिनेमात नाही. मी सुतार होतो तिथं. तुलाही ठाऊक आहे, देवालाही ठाऊक आहे.’ मग त्याचा आवाज बदलला. ‘कुठून बघतोयस तू हे? टेपवर तो दिसत नाही.’

‘म्हणजे तुला ठाऊक आहे!’

‘रॉस्को, ऐक. चित्र थांबवलंयस का? सोड जरा. तो माणूस टाळ्या वाजवतोय का बघ.’

रॉस्कोनं फोनची वायर ताणत बटण दाबलं. सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते. तो नाही.

‘पापणी लवली त्याची?’

‘तीन सेकंदांत काय लवणार?’

‘बरं. त्याच्या मागं, दोन रांगा सोडून, उजवीकडे बघ. कोण आहे?’

पिवळा शर्ट. जाड मिशा. टोपी नाही. त्याच्याही मागं एक, खांबाआड अर्धा. आणि पार वर, शेवटच्या रांगेत, चौथा. चौघांचंही तोंड एकाच बाजूला, एकाच वेळी, एकसारखं अर्धवट उघडं.

‘पुठ्ठ्याचा आहे तो, शहाण्या,’ हॉयट म्हणाला. ‘पाच हजार खुर्च्या, आणि दुसऱ्या दिवशी थंडीनं निम्मं गाव पळालं. मी स्वतः खिळे मारून सव्वाशे माणसं बसवली. चारच तोंडं होती त्यांच्याकडे. हा मिशीवाला, एक पोपटी म्हातारी, एक पाद्र्यासारखा, आणि एक बाई जी कुठूनही बघितली तरी रागावलेली दिसायची.’

रॉस्को हसला. सुटल्यासारखा हसला, इतका की खोकला आला. ‘म्हणजे माझ्या पडण्यावर ती पुठ्ठ्याच्या गळ्यात पडून हसत होती! हे बघ, ही गोष्ट तर आणखी भारी झाली...’

‘ती तुझ्या पडण्यावर हसली नाही,’ हॉयट म्हणाला. ‘लोक हसायचा शॉट सकाळी घेतला. तू पडलास जेवणानंतर. सिनेमात जोडतात तसं.’

सकाळी. सकाळी आपण कुठं होतो? ते आठवायला वेळ लागला नाही, आणि तेच वाईट झालं. सकाळी तिला तिसऱ्या रांगेपर्यंत पोचवून, डोक्यावरची टोपी खुर्चीवर टाकून तो म्हणाला होता, ‘जागा धर. येतोच.’ मग नटाच्या गाडीपाशी शेकोटी होती, नटाला कॅचरच्या गोष्टी हव्या होत्या, आणि रॉस्कोपाशी गोष्टी होत्या.

‘मग ती हसत कशाला होती?’

‘मी मागच्याच रांगेत ठोकत होतो,’ हॉयट म्हणाला. ‘तुझी वाट बघून बघून तिनं खुर्चीवरची टोपी उचलली आणि शेजारच्या मिशीवाल्याला घातली. म्हणाली, “आलास? हात धुतलेस?” मग त्याला तुझी गोष्ट सांगायला लागली. एकोणीस दिवसांची. तुझ्याच आवाजात, रॉस्को. तुझं ते खाकरणं, “तर काय झालं दोस्तहो” म्हणणं, सगळं. मी ठोकायचा थांबलो. तोंडात बर्फ, आणि बाई तुझी नक्कल करतेय! हसायला लागली तर बर्फ बाहेर यायला लागला, म्हणून तिनं हात धरला तोंडावर. तेवढ्यात कॅमेरा चालू होता वाटतं.’

‘माझी गोष्ट.’

‘तुझीच. फक्त शेवट तुझा नव्हता.’

रॉस्कोच्या गोष्टीचा शेवट गाव पाठ म्हणायचं: विसाव्या दिवशी सामान बांधून तो मोटारीत बसला तेव्हा मागं कार्यालयातला फोन वाजत होता, आणि तो त्याच्यासाठीच होता, पण उचलायला माणूस नव्हता. थांबला असता तर वरच्या लीगला गेला असता.

‘तिचा काय होता?’

‘ती म्हणाली, “मग विसाव्या दिवशी हा घरी आला, तोंड पाडून. आणि मला इतका आनंद झाला, इतका, की मी स्वयंपाकघरात जाऊन देवाची माफी मागितली.”’

फोनची वायर ताणलेली होती आणि रॉस्कोच्या हातात तिचा पीळ उलगडत होता, पुन्हा वळत होता. पडद्यावर अर्डेल थांबलेली होती. तिच्या तोंडावरच्या हाताच्या बोटांमधून, आता एवढ्या जवळून, काहीतरी पाण्याच्या थेंबाएवढं चकाकत होतं. टेपवर ते कधी दिसलं नव्हतं. सोळा हजार वेळा सांगितली असेल आपण ती गोष्ट. एकदाही तिच्यात घरी पोचलो नाही.

‘टोपी?’ त्यानं विचारलं.

‘संध्याकाळी आवराआवर झाली. थंडी मरणाची. सिनेमावाल्यांनी पिंपात जाळ केला आणि पुठ्ठ्याची माणसं घातली आत, शेकायला. मी मिशीवाल्याला उचलला, म्हटलं, अर्डेल, टोपी काढून घे, रॉस्को चामडी सोलेल. ती म्हणाली, “राहू दे. दिवसभर बसला ना माझ्याजवळ. त्याची झाली ती.”’ हॉयटनं नाक ओढलं. ‘वर शपथ घातली मला. दोन वर्षं चोर म्हणत होतास, मी बोललो काही?’

‘नाही.’

‘मग आता तू पण बोलू नकोस. न्हाव्याकडे सांगू नकोस हे.’

‘नाही सांगत,’ रॉस्को म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच नवल वाटलं, कारण सांगावंसं वाटत नव्हतं. फोन ठेवल्यावर तो कोचावर आपल्या कडेला बसला. तिची कड मोकळी होती. गादीला तिथं अजून थोडा खळगा होता, तिथं तो गेली चार वर्षं वर्तमानपत्रं टाकत असे. ती त्यानं उचलली. काळ्या पट्ट्या वरही होत्या, खालीही होत्या, आणि मधे सगळं होतं.

पुढच्या रविवारी जोनेल आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. सिनेमा चालू होता. डॅडी गप्प होते, आणि जोनेलला ती शांतता घरातल्या एखाद्या अनोळखी पाहुण्यासारखी वाटली. तिनं दोन ताटं वाढली, एक त्यांच्या मांडीवर ठेवलं. ‘काय मग? काळ्या पट्ट्या गेल्या का?’

‘सवय होते.’

‘मम्मी नीट दिसते?’

‘दिसते.’

‘मग सांगा की. किती कोलांट्या झाल्या आता? पाच?’

‘एक,’ रॉस्को म्हणाला. ‘एकच झाली होती. ती पण अर्धी.’

पडद्यावर पन्नासावं मिनिट लागलं होतं. चेंडू अजून उडायचा होता. जोनेल ताट सांभाळत कोचाच्या दुसऱ्या कडेला बसायला वळली, तसा त्यानं हात आडवा धरला. खळग्यावर त्याची रोजची, दुकानातली, तेलकट टोपी ठेवलेली होती.

‘तिथं नको.’

‘का हो, डॅडी?’

‘येतेय ती,’ तो म्हणाला. ‘हात धुवायला गेलीय.’

जोनेल ताट घेऊन तशीच उभी राहिली. मग हळूच खाली, गालिच्यावर, टोपीच्या पलीकडच्या बाजूला बसली. लहानपणी पर्सच्या पलीकडे बसायची तशी.